बाळ कधी हे विचारताय, मग सांभाळणार कोण तेही बोला
(वाचकांचे प्रश्न, डॉक्टर ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात लग्नानंतरच्या तपासण्यांवर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच विषयावरचे निघाले, मूल उशिरा होऊ देणं. चोपडा, यावल, भुसावळ, धुळे, शहादा, आणि आपल्याकडून पुण्याला गेलेल्या मुलींचेही. नावं अर्थातच देत नाहीये, काहींनी गाव बदलायला सांगितलं तेही बदललंय. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही म्हणून ज्यांच्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी पत्रं घेतलीत.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे, लग्नाला अडीच वर्षं झाली. एमएससी, सेट (प्राध्यापकाची पात्रता परीक्षा) झालंय, चोपड्याकडे एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. तासाप्रमाणे पैसे, ते पण चार-पाच महिन्यांनी एकदम, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, तेही कॉन्ट्रॅक्टवर, मी इथे सासरी. घराचं लोन चालू आहे. भरती निघेल, परमनंट होईन म्हणून आम्ही दोघांनी थांबायचं ठरवलंय. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तरी तेच, कानबाईच्या सणाला भाऊबंदकी जमली तरी तेच, "आते नही ते कव्हय?" आता मलाच वाटायला लागलंय की मी स्वार्थी आहे का. आणि किती थांबलं तर चालतं?

उत्तर : स्वार्थी वगैरे काही नाही हो तुम्ही. पत्रात तुम्ही जे लिहिलंय तो सरळ हिशोब आहे आणि बरोबर हिशोब आहे. सीएचबीवरच्या बाईने बाळंतपणासाठी एक सत्र सोडलं की पुढच्या जूनला त्या तासिका दुसऱ्याला गेलेल्या असतात, परत इंटरव्ह्यू, परत कोणाकोणाला भेटा, आणि मधल्या काळात हातात शून्य. त्यात नवरा तिकडे तुम्ही इकडे, म्हणजे रात्री बाळ रडलं तर उठणार एकच माणूस आणि तो कोण हे सगळ्यांना माहितीये. ज्या बायका थांबतात त्यांच्याबद्दल लोक म्हणतात करिअरच्या मागे लागली, पण माझ्या ओपीडीत येणाऱ्या बहुतेक जणींचं करिअर म्हणजे महिन्याला पंधरा-वीस हजारांची, कधीही जाऊ शकणारी नोकरी असते, आणि ती गेली तर परत मिळेल याची काही खात्री नसते म्हणून त्या थांबतात.

याच्यावर जगात मोठा अभ्यास झालाय. क्लॉडिया गोल्डिन म्हणून अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. अमेरिकेतली दोनशे वर्षांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवलं की आजच्या काळात एकाच प्रकारचं काम करणाऱ्या बाई-पुरुषांच्या कमाईत जो फरक पडतो तो मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर पडायला लागतो, तोपर्यंत दोघं बऱ्यापैकी बरोबरीने चालत असतात. आणि गर्भनिरोधक गोळी आल्यावर मुलींना लग्न आणि मूल पुढे ढकलता आलं म्हणून त्या डॉक्टर, वकील होऊ शकल्या हेही त्यांनीच दाखवलं. आकडे तिकडचे आहेत पण तुमच्या स्टाफरूममध्ये एकदा बघा, लग्नाआधी सोबत सेट झालेल्या मुलामुलींपैकी आज कोण कुठे आहे.

आता रजेचं. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, त्यात २०१७ ला दुरुस्ती होऊन पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे २६ आठवडे तसेच ठेवलेत. अट एवढीच की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. पण आपल्याकडे खरी गोम अशी आहे की ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू नसेल तिथे सहा महिन्यांचा पगार मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा, सरकार त्यात वाटा उचलत नाही, त्यामुळे छोट्या संस्था लग्न झालेली, मूल नसलेली मुलगी इंटरव्ह्यूला आली की आधीच विचारतात प्लॅनिंग काय आहे म्हणून. कायदा चांगलाच आहे पण त्याचा खर्च जिथे टाकलाय तिथून तो बाईच्याच अंगावर परत येतो, हे मला फार लागतं. तरी एक लक्षात ठेवा, कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईला पण हा हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना तो दिला आणि २०२३ ला एका कंत्राटी डॉक्टर बाईंच्या केसमध्ये सांगितलं की कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली तरी ठरलेला लाभ द्यावाच लागेल. सीएचबीला कॉलेजं हात झटकतात, पण तुम्ही लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा, तोंडी "नाही" ऐकून घरी येऊ नका.

किती थांबलं तर चालतं, हे मात्र मला डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगायला पाहिजे, कारण इथे दोन्ही बाजूंनी खोटं सांगितलं जातं. एकीकडे पंचविशीनंतर मूल होत नाही म्हणून घाबरवतात, दुसरीकडे चाळिशीत सिनेमातल्या बायकांना झालं मग काय प्रॉब्लेम म्हणतात. खरं असं आहे की मुलगी जन्मतानाच तिच्या अंडाशयात दहा-वीस लाख स्त्रीबीजं घेऊन येते, पाळी सुरू होईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात, नवीन तयार होत नाहीत. तब्येत चांगली असेल तर विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला राहण्याचा चान्स साधारण चारात एक असतो, तिशीनंतर तो हळूहळू कमी होतो, ३५ नंतर जरा वेगाने, आणि चाळिशीला दहात एकच्या आसपास येतो. बाळात डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या २५ व्या वर्षी साधारण १२५० त एक, ३५ ला ३५० त एक, ४० ला शंभरात एक. म्हणजे २९ ला तुम्हाला घाबरायचं काही कारण नाही, ३१-३२ पर्यंत तुम्ही आरामात थांबू शकता, ३५ च्या पुढे मात्र फक्त भरती निघाली नाही म्हणून ढकलू नका.

माझी अडचण तुमच्या थांबण्याशी नाहीये, "परमनंट झाल्यावर" या शब्दांशी आहे. आपल्याकडची प्राध्यापक भरती कधी निघेल हे निवड समितीवाल्यांनाही सांगता येत नाही, त्याच्यावर आपलं वय बांधून ठेवायचं नाही. तुम्ही दोघं बसून एक वर्ष ठरवा, समजा पुढचा नाही तर त्याच्या पुढचा जून, भरती निघो न निघो. आणि तोपर्यंत काय करायचं तेही ठरवा : दोघांचं बिऱ्हाड एका गावात कसं येईल, सहा महिने तुमचा पगार नसला तर ईएमआय कशातून जाईल, तुमच्या नावावर वेगळ्या खात्यात थोडे थोडे पैसे टाकायला आत्ताच सुरुवात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर करून घ्या, पाळी अनियमित असेल, खूप दुखत असेल, किंवा आईची पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल तर मग थांबायच्या आधी मला नाहीतर तुमच्या डॉक्टरांना भेटा, त्या केसमध्ये हिशोब बदलतो. आणि कानबाईला कोणी विचारलं तर मिस्टरांना उत्तर देऊ द्या ना, ते पण तिथेच रोट खात बसलेले असतात, त्यांना कोणी का विचारत नाही.

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही यावल तालुक्यातले, केळीची शेती आहे. मुलगा-सून दोघं पुण्याला आयटीत, लग्नाला पाच वर्षं झाली, सून ३२ ची आहे. आम्ही काही जुन्या विचारांचे नाही, तिला नोकरी सोड असं कधी म्हटलं नाही. पण विचारलं की म्हणते आई आम्ही थांबलोय. आम्ही २० व्या वर्षी पोरं काढली, सकाळी स्वयंपाक करून वावरात निंदायला जात होतो, झोळी बांधायची झाडाला आणि काम करायचं. आजकालच्या पोरींना एवढं जड काय जातं? माझे गुडघे आहेत तोवर नातवंड खेळवीन, नंतर काय.

उत्तर : काकू, तुमचा शेवटचा शब्द मनाला लागला. नातवंडाची वाट बघणं यात चूक काहीच नाही आणि तुम्ही सुनेला नोकरी सोड म्हटलं नाहीत हे खरंच मोठं आहे, माझ्याकडे याच्या उलट रोज बघते.

पण तुम्ही जी झोळी सांगितली ना, त्या झोळीजवळ कोण होतं ते आठवा. सासू, जाऊबाई, शेजारची म्हातारी, मोठी नणंद, घरातली मोठी पोरं. तुम्ही निंदत होतात तेव्हा बाळावर लक्ष ठेवायला वावरात चार बायका होत्या. सुनेच्या फ्लॅटमध्ये दोघंच आहेत, सकाळी आठला कुलूप लागतं आणि रात्री आठला उघडतं. पुण्यात चांगलं पाळणाघर म्हणजे महिन्याचा मोठा खर्च, आणि सहा महिन्यांच्या तान्ह्याला बरीच पाळणाघरं घेतच नाहीत. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करायची असं कायद्यातच आहे, पण किती ठिकाणी आहे हे सूनबाईला विचारा. आणि तुमच्या काळी पोराच्या शाळेला पैसे लागत नव्हते, आता नर्सरीच्या फीपासून सुरुवात आहे.

हे एकट्या तुमच्या घरात चाललेलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, एनएफएचएस म्हणतात त्याला, भारतात एका बाईमागे सरासरी २.० मुलं आलीत आणि महाराष्ट्रात १.७. म्हणजे दोन मुलंसुद्धा आता पूर्ण होत नाहीयेत. आणि आपल्याच महाराष्ट्रात मूलच नको असं ठरवून राहिलेलं जोडपं शंभर वर्षांपूर्वी पण होतं, र. धों. कर्वे आणि मालतीबाई, कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. म्हणजे मोबाईलने पोरी बिघडल्या असं काही नाही.

आता एक नाजूक गोष्ट, रागावू नका. पाच वर्षं झाली, वय ३२, आणि सून म्हणते थांबलोय. माझ्याकडे अशा कितीतरी जोड्या येतात ज्या बाहेर थांबलोय सांगतात आणि प्रत्यक्षात दोन-दोन वर्षं ट्रीटमेंट चालू असते, इंजेक्शनं चालू असतात, दर महिन्याला पाळी आली की ती पोरगी बाथरूममध्ये रडून तोंड धुऊन ऑफिसला जाते. थांबलोय म्हटलं की निदान प्रश्न बंद होतात, उपवास, अंगारे, अमुक बाबाकडे चल हे सुरू होत नाही. तुमच्या सुनेचं तसंच आहे असं मी म्हणत नाही, पण असू शकतं, आणि तुम्ही दर फोनला विचारलंत तर ती तुम्हाला कधीच सांगणार नाही. वर्षभर प्रयत्न करूनही राहिलं नाही तर तपासणी करायची असते, बाई ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, आणि ती दोघांची. मूल न होण्याच्या केसेसमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ठिकाणी दोष पुरुषाच्या बाजूने असतो किंवा त्याच्याही बाजूने असतो, हे तुमच्या मुलाच्या कानावर तुम्हीच घातलंत तर फार बरं होईल, त्यांना आईने सांगितलेलं चालतं.

अजून एक कारण आहे जे मुली सासूला तोंडावर सांगू शकत नाहीत. आपला जळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेत लहान मुलींचं प्रमाण फार कमी असलेल्या जिल्ह्यांत होता, ते आपल्या सगळ्यांच्या घरातून झालंय. सुनांना माहिती असतं की पहिली मुलगी झाली तर पेढ्यांच्या ऐवजी बर्फी वाटतील आणि दोन वर्षांत दुसरा चान्स घ्यायला लावतील. म्हणजे एक मूल होऊ देणं म्हणजे एकच राहील याची तिला खात्री नसते, म्हणून ती पहिलंच लांबवते. तुम्ही आत्ताच, काही नसताना, सहज बोलता बोलता सांगून टाका की मुलगा असो मुलगी असो एकावर थांबायचं असेल तर थांबा. आणि जमणार असेल तर हेही विचारा की मी वर्षभर पुण्याला येऊन राहिले तर तुला बरं पडेल का. केळीचा घड कापायला मजूर मिळतो काकू, तान्ह्या बाळाजवळ बसायला विश्वासाचं माणूस मिळत नाही. ती नको म्हणाली तर तेवढ्यावर सोडा.

प्रश्न : मॅडम, भुसावळ, रेल्वेत आहे, वय ३३. बायको ३०, एमपीएससी करते, दोनदा प्रिलिम निघाली, मेन्सला राहिली. ती म्हणते पोस्ट मिळेपर्यंत नको. माझी ड्युटी शिफ्टची. घरच्यांचं प्रेशर माझ्यावर पण आहे, पण माणसाला कोण विचारतं. माझ्या वयाचा काही फरक पडतो का? आणि तिला कसं समजवू?

उत्तर : तुमच्यावरही प्रेशर आहे हे मान्य. तुम्ही विचारलंत ते बरं केलं, या कॉलमला पुरुषांची पत्रं फार कमी येतात.

वयाचा फरक पुरुषाला पण पडतो. शुक्राणू आयुष्यभर तयार होत राहतात हे खरं, पण चाळिशीनंतर क्वालिटी उतरायला लागते आणि राहायला वेळ जास्त लागतो. ३३ ला चिंता नाही. तंबाखू, गुटखा असेल तर आज बंद करा, त्याचा परिणाम वयापेक्षा जास्त आहे आणि भुसावळच्या डॉक्टरांनी हे सांगायचं राहू दिलं असेल असं मला वाटत नाही. वीर्य तपासणी साधी असते, शंका असेल तर आधी तुमची करून घ्या, बायकांच्या सोनोग्राफ्या आणि नळ्यांच्या टेस्ट होऊन गेल्यावर शेवटी नवरा लॅबमध्ये जातो, हे उलटं चाललंय सगळीकडे.

बायकोला समजवायचं म्हणता तर मी म्हणते की ती काय म्हणतेय ते आधी पूर्ण ऐका. पोस्ट मिळेपर्यंत नको म्हणजे तिला भीती आहे की बाळ झालं की अभ्यास संपला. ती भीती खरी आहे की नाही हे तुमच्या हातात आहे. सरकारचा २०१९ चा वेळ वापर सर्वेक्षण आहे, लोक दिवसभरात कशाला किती मिनिटं देतात त्याचा, त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं, आणि बरेच पुरुष तर त्या ९७ च्या हिशोबातही नाहीत कारण ते करतच नाहीत. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं याच्या वेगळंच. आता या पाच तासांत तान्हं बाळ घाला आणि सांगा मेन्सचा अभ्यास कधी होणार.

दक्षिण कोरियात सरकार मुलं व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं पैसे ओततंय, तरी २०२३ ला तिथे एका बाईमागे सरासरी ०.७२ मुलं, एक पण नाही. ऑफिसचे लांब तास, घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च आणि घरचं सगळं बाईवर, हे सगळं तसंच ठेवून नुसते पैसे दिले तर बायका पुढे यायला तयार नाहीत.

एमपीएससीत खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे तिला परीक्षेसाठी अजून वेळ आहे, मुलासाठी तिच्या शरीराला त्यापेक्षा कमी वेळ आहे. या दोन घड्याळांची तारीख जुळवता येते, एक अटेम्प्ट झाल्या झाल्या प्लॅन करता येतो, पण ते कधी शक्य आहे, जेव्हा तुम्ही लिहून दिल्यासारखं सांगाल की रात्रीची ड्युटी नसेल त्या रात्री बाळ माझ्याकडे, आणि लायब्ररीचे चार तास तिचे, पाहुणे आले तरी तिचे. तुम्ही केंद्राचे कर्मचारी आहात, तुम्हाला १५ दिवस पितृत्व रजा मिळते, ती सगळी घ्या, लोक हसतील म्हणून सोडू नका, आणि अर्जित रजा आत्तापासून साठवा. हे सगळं ठरल्यावर तिला परत विचारा. त्यानंतरही ती अजून एक वर्ष म्हणाली तर एक वर्ष द्या, ती ३१ ची होईल, काही बिघडत नाही.

प्रश्न : मी धुळ्यात एका खाजगी हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे. जॉइन करताना लिहून घेतलं की दोन वर्षं प्रेग्नन्सी ठेवणार नाही. आता दीड वर्षातच राहिलंय, सांगायला भीती वाटते. पगार १४ हजार. काढतील का?

उत्तर : आधी अभिनंदन, ते कोणी म्हटलंच नसेल तुम्हाला. त्या कागदाला कायद्यात काही किंमत नाही. मातृत्व लाभाच्या विरोधात जाणारा कुठलाही करार चालत नाही, तुमची सही असली तरी. प्रेग्नन्सीच्या रजेवर असताना काढून टाकणं किंवा अटी बदलून नुकसान करणं बेकायदेशीर आहे, आणि उलट जॉइन करतानाच कोणकोणते लाभ मिळतील हे त्यांनी तुम्हाला लेखी द्यायला पाहिजे होतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कायदा लागू आहेच.

करायचं काय तर, पगाराची स्लिप बघा, ईएसआयसी कापली जातेय का. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू होतं आणि त्यात २६ आठवड्यांचे पैसे ईएसआयसी देते, हॉस्पिटलला स्वतःच्या खिशातून द्यावे लागत नाहीत, हे त्यांच्या एचआरला सांगितलं की बऱ्याचदा आवाज खाली येतो. प्रेग्नन्सीची माहिती तोंडी न देता ईमेलवर किंवा पोच घेऊन द्या, ज्या कागदावर सही घेतली त्याचा फोटो असेल तर जपून ठेवा. त्रास दिला तर कामगार कार्यालय आहे, आणि कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पहिलंच बाळ असेल तर अंगणवाडीत नाव घालून मातृवंदना योजनेत बसता का तेही विचारा, पाच हजार मिळतात, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा. पैसे थोडेच आहेत पण आपले आहेत. आणि पेशंटच्या सेवेत दिवसरात्र उभ्या असलेल्या नर्सकडून असला कागद लिहून घेणाऱ्यांना मी हॉस्पिटल म्हणत असले तरी मनातून म्हणत नाही.

प्रश्न : शहादा तालुका. वय २१, लग्नाला सहा महिने झाले. मला नर्सिंग पूर्ण करायचंय, नवरा हो म्हणतो. पण सगळ्या म्हणतात पहिल्या मुलाआधी काही वापरलं की पिशवी खराब होते, नंतर मूलच होत नाही.

उत्तर : नाही गं, अजिबात नाही होत. नवरा हो म्हणतोय ना, मग कोर्स पूर्ण कर, २१ ला तर थांबणं तब्येतीलाही चांगलंच. आपल्या राज्यात अजूनही वीस ते चोवीसच्या वयातल्या शंभरातल्या बावीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली असतात, त्यांना तर थांबायचं का असं विचारलंच जात नाही.

माला-एनच्या गोळ्या रोज एक, बंद केल्यावर थोड्या दिवसांत राहू शकतं. छाया गोळी हार्मोनची नसते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. आंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, सासूला कळत पण नाही म्हणून बऱ्याच मुली घेतात, पण बंद केल्यावर राहायला सात ते दहा महिने लागू शकतात एवढं लक्षात ठेव. तांबी पहिल्या मुलाआधी पण बसवता येते, मोठी तांबी दहा वर्षं चालते आणि काढली की लगेच राहू शकतं. हे सगळं उपकेंद्रात, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आशाताईला विचार. ७२ तासांच्या आत घ्यायची ती गोळी इमर्जन्सीपुरतीच, दर वेळी नाही. आणि चुकून राहिलंच तर मेडिकलवरून आणून पाडायच्या गोळ्या घरी घेऊ नकोस, रक्तस्रावाने अडलेल्या मुली रात्री-बेरात्री येतात आमच्याकडे. २० आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे, डॉक्टरकडेच कर.

नंदुरबारकडची आहेस म्हणून अजून एक, तुम्हा दोघांची सिकलसेलची (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी झालीये का? सातपुड्याच्या पट्ट्यात तो आजार बराच आहे. दोघंही वाहक असाल तर दर बाळंतपणात बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक असते. सरकारी दवाखान्यात टेस्ट होते, थांबलीच आहेस तर या काळात ती करून घे, आणि ज्या महिन्यात ठरवाल त्याच्या दोन-तीन महिने आधीपासून फॉलिक अॅसिड सुरू कर.

प्रश्न : मूळ जळगावची, पुण्यात जॉब, ३४, लग्न झालेलं नाही. स्थळं बघणं चालू आहे पण पगार ऐकून मागे जातात नाहीतर नोकरी सोडशील का विचारतात. एग फ्रीझिंग (स्त्रीबीजं गोठवून ठेवणं) करावं का? घरी सांगायचं की नाही?

उत्तर : करायचंच असेल तर या वर्षात करा, ३७-३८ ला केलं तर पैसे तेवढेच जातात आणि बीजं कमी आणि कमकुवत मिळतात. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग थोडी भूल देऊन बीजं काढतात. आधी एएमएच (रक्ताची एक टेस्ट) आणि सोनोग्राफी होईल, पण एएमएच कमी आलं म्हणजे मूल होणार नाही असं नसतं, ती टेस्ट औषधाला किती बीजं तयार होतील एवढंच सांगते, त्यावरून घाबरून कुठल्याही स्थळाला हो म्हणू नका. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने एकट्या बाईला हे करता येतं, बीजं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, आणि पुढे वापरायचं वय ५० पर्यंत आहे, अर्थात तेवढं थांबू नका, वय वाढलं की बीपी, शुगरचा त्रास बाळंतपणात वाढतो.

ही गॅरंटी नाही हे पक्कं समजून घ्या. गोठवलेलं प्रत्येक बीज नीट परत येत नाही, आलेलं प्रत्येक फलित होत नाही, फलित झालेलं प्रत्येक रुजत नाही, म्हणून एका सायकलमध्ये थोडी मिळाली तर दुसरी करायला सांगतात आणि खर्च तिथे वाढतो. म्हणून सेंटरला जाताना हे लिहूनच न्या : रजिस्ट्रेशन आहे का, माझ्या वयाच्या बायकांना एका सायकलला साधारण किती बीजं मिळतात, तुमच्याकडे गोठवलेली बीजं वापरून आत्तापर्यंत किती बाळं झाली, इंजेक्शनं धरून एकूण खर्च किती आणि दर वर्षी ठेवायचे किती. तिसऱ्या प्रश्नाला आकडा न सांगता नुसतं काळजी करू नका म्हणाले तर दुसरं सेंटर बघा. घरी सांगायचं का तर, भूल देणार त्या दिवशी सोबत एक माणूस लागतं, आई असेल तर उत्तम, नाहीतर मैत्रीण चालेल.